वेरोनाच्या वहीतली ई-सहा

एमिल ह्रिन्कोच्या घरी टीव्हीवर बेसबॉल चालू असला आणि कुणी होमरन मारला, की एमिल उठून फ्रिजकडे जातो. चेंडू मैदानाबाहेर गेलाय, लोक नाचतायत, समालोचकाचा घसा बसलाय, आणि हा आपला बरणीत बोटं घालून लोणच्यातली काकडी शोधतोय! "त्यात बघायचं काय?" म्हणतो. "गेला तो गेला. त्याला धरायला कुणी धावलं का? मग सांगा."

धावणारा असला की मात्र गोष्ट निराळी. त्यातून ऑक्टोबरातले प्लेऑफचे सामने म्हणजे एमिलचा सणच. हरलं की वर्ष संपलं, हवा गार, हात बधिर, चेंडूचा दगड झालेला, आणि दुपारचा कलता सूर्य नेमका डोळ्यांत घुसणारा. अशात एखाद्या गड्यानं अंग झोकून चेंडू धरला, की एमिल उभा राहतो, डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरतो आणि डाव संपेपर्यंत बसत नाही. सूप निवलं तरी बसत नाही.

भाचीच्या लग्नात तर त्यानं कमालच केली होती. ब्रिकर्टन गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दोनशे माणसं जेवायला बसलेली, फादर पाव्लिक प्रार्थना म्हणताहेत, आणि एमिलच्या एका कानात ट्रान्झिस्टरच्या इअरफोनची गोळी. तिकडे कुणीतरी कुंपणावर चढून चेंडू धरला, आणि इकडे एमिल ताडकन उभा, हात छातीवर, डोळ्यांत पाणी. व्याह्यांकडच्या मंडळींना वाटलं, ही ह्रिन्को लोकांची पूर्वजांच्या जुन्या मुलखातली रीत असावी. तीही उठली. मग सगळा हॉल उठला. फादर पाव्लिकना इतकं भरून आलं, की त्यांनी प्रार्थना दुपटीनं लांबवली. ताटातल्या सारणाच्या पिरोगी पार गारढोण झाल्या.

चाळीस वर्षं काचेच्या भट्टीवर काम केलेला हा माणूस क्षेत्ररक्षणावर बोलायला लागला की थांबत नाही. "फळीवाला दहांत सातदा चुकला तरी त्याचे पुतळे उभे करतात," तो म्हणतो. "आणि हा बिचारा शंभरातले नव्व्याण्णव धरतो, तर लोक उरलेला एक लक्षात ठेवतात!" हे म्हणताना तो स्वयंपाकघराकडे बघतो. कारण तो उरलेला एक चेंडू त्याच्याच घरात, त्याच्याच बायकोच्या कपाटात होता.

झालं होतं असं. चौऱ्याहत्तर साली गावोगावच्या संघांच्या लीगची अंतिम लढत होती. एमिल शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला राखणदार. सातव्या डावात चेंडू सणसणत त्याच्या उजव्या बाजूनं निघाला. एमिलनं सूर मारला, चेंडू ग्लव्हमध्ये आला आणि टुणकन बाहेर पडला. एक धाव गेली. पुढे ब्रिकर्टननं सामना जिंकला, पण सामन्याच्या नोंदवहीत लिहायचं काय? फळीवाल्याच्या नावावर हिट, म्हणजे त्यानं कमावलेला फटका, की राखणदाराच्या नावावर चूक? वही होती शाळेच्या ग्रंथालयातल्या वेरोनाकडे. तिनं शांतपणे लिहिलं: ई-सहा. ई म्हणजे चूक, आणि सहा हा शॉर्टस्टॉपचा आकडा.

एमिल धुळीनं माखलेला तसाच तिच्यासमोर गेला. "बाई, तो हिट होता."

"चूक होती."

पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्यानं तिला पुन्हा गाठलं. मग दर रविवारी. वसंतात शेवटी त्यानं विचारलं, "लग्न झाल्यावर तरी खोडशील?"

"नाही."

"बरं," एमिल म्हणाला. "तरी करू."

आता त्या सामन्याला चाळीस वर्षं झाली म्हणून अग्निशमन दलाचा प्रमुख गस टोमाश्को यानं ते पान चौकटीत घालून हॉलच्या भिंतीवर लावायचं ठरवलं होतं. गस त्याच संघातला, पहिल्या बेसवर उभा राहणारा, आकडा तीन. रविवारी सकाळी हॉलमध्ये सगळ्या गावाचा नाश्ता होता, आणि शनिवारी पाच वाजता गस वही न्यायला येणार होता. म्हणजे पाचपर्यंत ती ई-सहा खोडली गेली नाही, तर धिरडी खाता खाता सगळं गाव ती वाचणार, आणि एमिल मेल्यावरही ती भिंतीवर राहणार.

शनिवारी तीनला प्लेऑफचा सामना सुरू झाला. वेरोना नूडल्सच्या हालुश्कीसाठी कोबी चिरत होती आणि मधूनमधून टीव्हीकडे बघून कागदावर नोंद करत होती. ती सवय काही सुटली नव्हती. एखादी करामत अगदीच मनात भरली तर ती नोंदीपुढे तारा काढायची. पण तारे द्यायला भलती कंजूष. अख्ख्या ऑक्टोबरात दोन, फार तर तीन.

साडेचारला ते घडलं. टीव्हीवरच्या शॉर्टस्टॉपनं उजवीकडे सूर मारला, चेंडू ग्लव्हमध्ये आला आणि टुणकन बाहेर. एमिलनं आवाज बंद केला.

"वेरोना. काय लिहिलंस?"

"हिट."

"हिट!" एमिल उठून स्वयंपाकघरात आला. "तीच जागा, तोच चेंडू, तोच ग्लव्ह!"

"तो ग्लव्ह कसला? तुझा तर तळघरात उंदरांनी खाल्ला."

"हसू नकोस. गस अर्ध्या तासात येईल. त्या पोराला हिट आणि मला चूक? का?"

"कारण तो तुझ्या हातून सुटायला नको होता."

"आणि त्याच्या हातून सुटलेला चालतो?"

"तो बरा आहे," वेरोना म्हणाली, "पण साधाच आहे."

"बरा आणि साधा! नियम काय सांगतो, ऐक." नियम एमिलला तोंडपाठ होता, चाळीस वर्षं तो त्याच्या जोरावरच भांडत आला होता. "साधारण खेळाडूनं साधारण मेहनतीत जो चेंडू धरला असता, तो सुटला तरच चूक. साधारण खे..."

आणि तो थांबला.

वेरोना मान खाली घालून कोबी चिरत होती. भलताच बारीक चिरत होती.

"वेरोना," तो हळूच म्हणाला. "मी साधारण नव्हतो?"

"मला काय ठाऊक!" ती फणकारली. कान लाल झाले होते. "सबंध उन्हाळा मी तुझ्याकडेच बघत होते. साधारण खेळाडू कसा असतो, ते बघायला सवड कुणाला होती?"

एमिल खुर्चीवर बसला. पुन्हा उठला. टोपी काढली, पण ती कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

सुरी मात्र मध्येच थांबली. वेरोना ग्रंथालयवाली, पुस्तक एक दिवस उशिरा आलं तर फादर पाव्लिकनाही न सोडणारी. "अरे देवा," ती म्हणाली. "म्हणजे नियमानं तो हिटच होता! चूक तुझी नाही, माझीच आहे. चाळीस वर्षं!" तिनं हात पुसले, खणातून खोडरबर काढलं आणि टेबलावरच्या वहीकडे वळली.

एमिलनं सत्तरीच्या माणसाला न शोभणारी झेप घेतली आणि वही काखेत मारली.

"हात लावायचा नाही!"

"एमिल, ती नोंद चुकीची आहे."

"असू दे."

"उद्या सगळं गाव वाचणार!"

"वाचू दे! मोठ्या अक्षरांत छापा म्हणावं!"

"दे इकडे, वेड्या म्हाताऱ्या!"

टेबलाभोवती दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला वेरोनानं दिशा बदलली आणि एमिल चूल आणि फ्रिज यांच्यामध्ये सापडला. नेमकं तेव्हाच दार उघडलं. गस टोमाश्को, दुखऱ्या गुडघ्यांसह.

"हे काय?" गस म्हणाला. "खोडरबर हिच्याकडे कसं? नेहमी तर..."

"गस!" एमिल ओरडला. "पहिला बेस!"

काही गोष्टी गुडघे विसरतात, हात विसरत नाहीत. एमिलनं वळता वळता वही फेकली. ती वेरोनाच्या डोक्यावरून, दिव्याला न लागता, कोबीवरून सरळ गेली आणि गसच्या छातीशी धप्पकन बसली. गसचा एक पाय, बेसवर टेकवावा तसा, उंबऱ्यावर टेकलेलाच होता.



"बाद," गस म्हणाला.

वेरोनानं धापा टाकत खुर्ची ओढली. खोडरबर एप्रनच्या खिशात टाकलं, पेन्सिल घेतली आणि त्या दिवसाच्या कागदावर, समासात, लिहिलं: सहा-तीन. शॉर्टस्टॉपकडून पहिल्या बेसकडे. थोडा वेळ त्या नोंदीकडे बघितलं, आणि पुढे एक तारा काढला.

एमिल टोपी छातीशी धरून उभा होता.

"बस आता," ती म्हणाली. "गस, तूही जेवून जा. मात्र त्या वहीवर काही सांडू नकोस."

तेवढ्या वेळात टीव्हीवर कुणीतरी होमरन मारला होता. लोक नाचत होते. इकडे कुणी बघितलंही नाही.