खंडेनवमीला पूजेतून उचललेला पाना

माझं आणि माझ्या सासूचं एक दिवसही पटलं नाही.

आज पहाटे त्या गेल्या. प्रतापनगरच्या याच घरात, झोपेतच.

मी त्यांना मामीजी म्हणायची. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. माझं वरण पातळ, माझ्या पोळ्या जाड, माझं हसणं मोठं. मीही काही गरीब गाय नव्हते. एकाला दोन ऐकवायची.

सकाळपासून फोन येताहेत. "फार प्रेमळ होत्या हो."

नव्हत्या. उगाच मेलेल्या माणसाबद्दल खोटं कशाला बोला?

पण एक दुपार आहे. ती लिहिल्याशिवाय आज मला चैन पडणार नाही.

एकोणऐंशी-ऐंशी साल असेल. आम्ही तेव्हा भिवापूरजवळच्या आमच्या गावी राहायचो. मिरचीची शेती होती. तो खंडेनवमीचा दिवस.

ह्यांची एक जुनी सेकंडहँड मोटारसायकल होती. दसऱ्यासाठी ह्यांनी मोठ्या हौसेनं तिला लाल ऑइलपेंट मारला होता. हार घालून ती अंगणात उभी.

आत पाटावर विळे, कुऱ्हाड, कानस आणि गाडीचे पाने. सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. पूजेत मांडलेलं औजार दसऱ्याच्या पूजेपर्यंत उचलायचं नाही, हा आमच्या गावाचा नियम. मोडायची कुणाची छाती नव्हती.

ओसरीवर झेंडूचा ढीग पडला होता. माझी नीता, तीन वर्षांची, त्यात हात घालून खेळत होती.

एकदम किंचाळली.

विंचू. तांबडा.

शेजारची माणसं धावत आली. "उतरून जाईन, घाबरू नोको वं." कुणी कांदा चोळला, कुणी मंत्र टाकला.

उतरलं नाही. पोरीला दरदरून घाम फुटला. उलट्या सुरू झाल्या. हातपाय गार पडले.

एसटी सकाळीच निघून गेली होती. बैलगाडीनं भिवापूरचा दवाखाना गाठायचा म्हणजे संध्याकाळच. तेवढा वेळ पोरगी काढेल, असं तिच्याकडे बघून वाटत नव्हतं.

ह्यांनी गाडीचा हार ओढून फेकला आणि किक मारली.

काही नाही.

परत मारली. परत मारली. हॉर्न दाबला, मुका. लाइट लागेना. चार जणांनी ढकलत रस्त्यापर्यंत नेली, परत आणली, तरी हूं नाही की चूं नाही.

"काहून नाही होऊन राहिली गा चालू?" मामीजींनी विचारलं. नीता त्यांच्या मांडीवर होती.

"करंटच नाही येऊन राहिला."

ह्यांनी सीट उचलून खालची बॅटरी उघडी केली. वायरचा एक तुकडा तिच्या दोन्ही टोकांना टेकवला. चट्कन ठिणगी उडाली.

"बॅटरी त जित्ती हाये!"

फ्यूज काढून पाहिला. तोही चांगला. बॅटरीत करंट, पण गाडीत नाही. मध्ये कुठे अडकला, ते शोधायला वायरी खोलाव्या लागणार. त्यासाठी पाना हवा. ह्यांनी दारातून आत पाटाकडे बघितलं. आणि आईकडे.

आणि नजर खाली घातली. मला इतका संताप आला त्या माणसाचा! मीच उठले.

"थांब," मामीजी म्हणाल्या.

आता ह्या बाईचा गळा धरायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण त्या ह्यांच्याकडे बघत होत्या. "रंग देल्ल्यावर चालवली होती का तू?"

"नाही."

"मंग रंगानंच काहीतरी केलं. ते काळी वायर सोडली होती न तू सीटाखालची? जिथं ते बसते, तिथं गंज दिसून राहिला होता. म्याच म्हटलं, तिथंबी मार रंग. पूजेची गाडी हाये, कुठं डाग नोको."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. बॅटरीची ती वायर गाडीच्या लोखंडाला थेट भिडलेली लागते, तरच करंट फिरतो. ह्यांनी मध्ये रंगाचे दोन जाड हात मारून वर बोल्ट आवळून टाकला होता. घरची हौस पोरीच्या जिवावर उठली होती.

मामीजींनी नीताला माझ्या हातात दिलं. सरळ आत गेल्या. देवाला हात जोडले नाहीत, क्षमा मागितली नाही. पाटावरून पाना उचलला, कानस उचलली, पदराला हळदकुंकू पुसलं आणि ह्यांच्यापुढे धरलं.

"घे. खरवड."

बाहेर कुणीतरी म्हातारं कुजबुजलं, "पूजा मोडली."

"मी मोडली," त्या ओरडल्या. "मले काय होते ते होऊ दे!"

ह्यांनी पाना लावला. बोल्ट सुटला. कानशीनं रंग निघाला, खाली लोखंड चकाकलं. वायर बसवली, हॉर्न दाबला.

असा बोंबलला तो हॉर्न!

पहिल्या किकला गाडी सुरू झाली. नीताला दोघांच्या मध्ये घेऊन आम्ही निघालो. मागे वळून बघायचं मला भान नव्हतं.

दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही सांगता येत नाही." मी खाटेच्या लोखंडाला धरून बसले.

दिवेलागणीला दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं.

मामीजी. गावाहून पायी आल्या होत्या. नवरात्राचे उपास अंगावर, पाय धुळीनं माखलेले. आत यायची हिंमत होत नव्हती त्यांची. चौकट धरून तिथूनच विचारलं,

"सुमन, हाये का वं?"

"हाये, मामीजी."

त्या तिथेच उंबऱ्यावर खाली बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या वरणावरून आमचं पुन्हा जुंपलं. ते चालूच राहिलं, परवापर्यंत.

मामीजी, नीता पुण्याहून निघाली आहे. मंडळी बाहेर घाई करताहेत, उन्हं चढताहेत म्हणतात. चढू देत. ती येऊन तुमच्या पायावर डोकं ठेवेपर्यंत मी कुणाला तुम्हाला हलवू देणार नाही.

मग या.

तुमची,
सुमन