भाताची परवानगी

बाबांचा भात बंद झाला तेव्हा मी अकरावी होऊन घरी बसले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सानगडीपासून कोसभर आत आमचं गाव, चारी बाजूंनी धान, आणि त्या धानाच्या मधोमध बसून माणसानं भात सोडायचा ही गोष्ट गावाला पटेचना. बाबांना साखरेची बिमारी निघाली होती. तहान भागत नव्हती, अंगठ्याची जखम दोन महिने ओलीच होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भात कमी करा म्हणाले आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला या म्हणाले. बाबांनी भात कमी केला, म्हणजे तिसऱ्यांदा वाढून घेणं बंद केलं.

खरा उपाय सांगितला तो लाखांदूरच्या एका पेन्शनर हवालदारांनी. ते आईचे लांबचे भाऊ, म्हणून मी त्यांना मामा म्हणायची. साखर त्यांनाही होती आणि ती त्यांनी मटण खाऊन घालवली होती. साखर धान्यातून येते, तर धान्याचं तोंडच बघायचं नाही, असा त्यांचा हिशेब. भात, पोळी, डाळ, फळ, सगळं बंद. नुसतं मटण, मासे, कोंबडी आणि अंडी. मामा इतके ताठ चालायचे की अविश्वास दाखवायची सोय नव्हती. बाबांपेक्षा मलाच ते जास्त पटलं, हे आज कबूल केलं पाहिजे.

लघवी तपासायला मी डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून शिकून आले होते. काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध, त्यात आठ थेंब लघवी आणि खाली स्पिरिटचा दिवा. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारंगी होत गेलं तर वाढती साखर, आणि विटेसारखं लाल झालं की विचारूच नका. आमची नळी रोज सकाळी लालच व्हायची. मटण सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती हिरवी झाली आणि महिनाभरात निळी. ती घेऊन मी शेजारच्या अंगणात धावले. बापाच्या लघवीची नळी मिरवणारी पोरगी गावानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

फायदा झाला नाही असं मी कधीच म्हणणार नाही. जखम भरली, तहान गेली. सुटलेलं पोट आत गेलं आणि बाबा पुन्हा बांधांवरून झपझप चालू लागले. घरी बोकडं होती, कोंबड्या होत्या, बोडीच्या तळ्यावरचा ढिवर मासोळी आणून द्यायचा आणि काहीच नसलं की सुकी मासोळी भाजायची. आई दोन्ही वेळा रांधायची. स्वतः मात्र मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून भात खायची, बाबांना दिसू नये म्हणून. वास थोडाच लपतो.

त्रासही होताच. पोट साफ होत नव्हतं, तोंडाला वास यायचा. मामा म्हणाले, सवय होईल. आई दोनदा म्हणाली की एकदा डॉक्टरांना दाखवून आणू. मी दोन्ही वेळा नळी तिच्यापुढे धरली. निळी तर आहे, मग एसटीचे धक्के कशाला खायचे? मी तेव्हा घरातली अर्धी डॉक्टरीण झाले होते आणि मला ते आवडत होतं.

दुसरं वर्ष सरता सरता नवा चिन्नोर घरी आला. तो तांदूळ शिजला की तीन घरं पलीकडे कळतं. बाबा पाटावर बसले होते, पुढ्यात कोंबडीचा रस्सा. मी वाढत होते.

"एक घास दे ना, बाई," ते हळूच म्हणाले. "तोंडाले चवच नाही राहिली."

"नाही म्हनजे नाही, बाबा. दोन वर्साची मेहनत एका घासापायी घालवता का?"

बाहेर जेवत बसलेल्या गड्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात मी हे म्हणाले. बाबांनी रश्श्यात बोटं बुडवली आणि खाली मान घालून खात राहिले. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

संक्रांत झाली आणि त्यांचे पाय सुजले. चप्पल चढेना. सकाळी डोळ्यांखालीही सूज दिसू लागली. मी नळी तापवली, निळी. या वेळी मात्र आईनं माझं ऐकलं नाही. तिनं बाबांना सदरा काढून दिला आणि आम्ही तिघं पहिल्या एसटीनं भंडाऱ्याला गेलो.

डॉक्टरांनी आईबाबांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि मला आत घेतलं. त्यांनी नळीत नुसती लघवी घेतली, निळं औषध घातलंच नाही. वरचा भाग दिव्यावर तापवून ॲसिडचा एक थेंब टाकला. वरचं पाणी नासलेल्या दुधासारखं पांढरं झालं. मूत्रपिंडं खराब झाली की असं होतं, त्यांनी सांगितलं. साखरेच्या नळीत हे दिसत नाही. मग रक्त तपासलं. दुपारी रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला.

मटणानं झालं का, असं मी विचारलं. साखरेनं आधीच बिघाड सुरू झाला असेल, ते म्हणाले, आणि अशा मूत्रपिंडांवर एवढ्या मांसाचा बोजा पडला. "तीन महिन्यांनी आणलं असतं तर मी थांबवलं असतं." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. साखरेनं किती आणि मटणानं किती, हे मला आजही सांगता येत नाही. मामा त्याच खाण्यावर पुढे बरीच वर्षं जगले.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. मटण, मासे, अंडी, डाळ बंद. भात चालेल. मी विचारलं, मग साखरेचं काय? ते म्हणाले, "ते आता राहू द्या."

मी बाहेर आले तर बाबा माझ्याकडे बघत होते. मटण बंद, भात सुरू, एवढंच मी सांगितलं. साखरेचं आता का राहू द्यायचं, ते सांगितलं नाही.

"भात खा म्हनला? डॉक्टर सोता म्हनला?"

मी मान हलवली. बाबा लहान पोरासारखे हसले. परतीच्या एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी सांगितलं की बिमारी गेली, डॉक्टरनं भात सुरू केला. गावात शिरल्यावर सुजल्या पायांनी प्रत्येक ओट्यापाशी थांबून तेच सांगितलं. आईनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

तिनं चिन्नोर शिजवला. बाबांच्या तोंडाला चव नव्हतीच, पण ते ती आहे असं धरून खात होते. मी वाढायला वाकले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"तवा तू आडवी आली नसती, त मी भात खाल्ला असता," ते म्हणाले. "तुह्या जिद्दीनं बरा झालो मी, बाई."

मी 'हो बाबा' म्हणाले आणि अजून भात वाढला. आल्यागेल्याला ते हेच सांगायचे, पोरीनं मले वाचवलं. धानाची रोवणी लागायच्या आत ते गेले. तोवर चार महिने, दोन्ही वेळा, मी त्यांना वाढत होते आणि ते माझे उपकार मानत होते.