दहावा सामना

टेक्सासमधल्या अर्विंग शहरात आमच्या ऑफिसच्या दारात बसणारे सिक्युरिटी गार्ड सत्तरीचे, कृष्णवर्णीय आणि कायम चिडलेले असत. बॅज उलटा लटकला असला तरी "सरळ कर" म्हणून अडवत. कुणी फुटबॉलचा विषय काढला, की उठून दुसरीकडे जात.

२००६ साली एका दुपारी त्यांच्या जुन्या कॉलेजचा माणूस फोटोग्राफर घेऊन लॉबीत आला. पन्नास वर्षांपूर्वी त्यांची टीम अख्खा सीझन एकदाही हरली नव्हती, म्हणून प्रत्येक खेळाडूला सन्मानपत्र होतं. ते खेळाडू होते हे आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्यांनी कागद वाचला.

"यात दहा सामने लिहिलेत. मी नऊ खेळलो. दहाव्याला समोरच्या टीमला काळा खेळाडू मैदानात नको होता. मला बसमधून उतरवलं."

"सर, तो काळच तसा होता," माणूस हसून म्हणाला.

"काळानं नाही, कोचनं उतरवलं! आणि बाकीचे सगळे बसून राहिले. हे लिही, मग घेऊन ये."

त्यांनी कागद त्याच्या हातात कोंबला. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला, तसे ते ओरडले, "आता का थांबलास? काढ ना फोटो!"

त्यानं काढला नाही. कॉलेजच्या माणसाच्या त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. पण तेव्हा त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावं, हे लॉबीतल्या आम्हा वीस जणांपैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.