पाटी आणि झाकण

हातात येईल ती वस्तू आमच्या वरच्या मजल्यावरची बाई अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळून बघायची. लग्नाची पत्रिका दिली की आधी कागद चोळणार, मग नाव वाचणार. माझ्या छत्रीचं कापड तिने लिफ्टमध्ये असंच चोळलं आणि म्हणाली, "कापून तर बघू, काका." नवी छत्री होती. त्या दिवसापासून मी ती काखेत दाबून न्यायला लागलो.

तुमच्याही बिल्डिंगीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापासून वस्तू लपवाव्या लागतात.

मी चौथीपर्यंत शिकलेला. हे लिहितोय ते डोकं अजून तापलेलं आहे म्हणून. आमची बिल्डिंग एव्हरशाईन सिटी या मोठ्या वसाहतीच्या मागच्या अंगाला आहे. ती उभी आहे तिथे माझं भाताचं खाचर होतं. मी विकलं. मला कुणी फसवलं नाही, त्याचं रडगाणं मी गात नाही. पण या जागेत पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे मला कुणी शिकवू नये.

बाई साताऱ्याकडची. नवरा गेलेला, मुलगा नाशिकला. तिची मुंबईची नोकरी संपली तेव्हा मुलाने तिला कापायची मशीन आणून दिली, पावाच्या डब्याएवढी. फोनवर अक्षर काढायचं, चिकट चटईवर कागद लावायचा, की आतलं बारीक पातं किर्र किर्र करत ते अक्षर कापून देतं. लोक असल्या मशीनवर वाढदिवसाचे आकडे कापतात. बाईचं त्यात मन रमेना. कागद काय, कुणीही कापेल, म्हणायची. मग तिने रेक्झिन घातलं, जुनी पर्स घातली, योगाची चटई घातली. केळीचं सोपटही घातलं. ते पात्यात अडकून मशीन दोन दिवस रुसली होती.

एकदा माझ्या गुडघ्याचा एक्स-रे घरात सापडेना. आमची म्हातारी, म्हणजे बायको, म्हणाली, बाईंनी मागितला, मी दिला. मी तणतणत वर गेलो. माझ्या गुडघ्यातून 'शुभ लाभ' आरपार कापलेलं, आणि बाई तो एक्स-रे उंबऱ्याशी धरून वरून रंग फिरवत होती. एवढं सुबक कशातच कापलं गेलं नव्हतं, म्हणाली.

"आता डॉक्टरला काय दाखवू?"

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"वय झालं म्हनाला."

"ते एक्स-रेशिवायही दिसतंय, काका."

वर चहा दिला. तो मी रागातच प्यालो.

आता खड्ड्याचं सांगतो. आमच्या गल्लीच्या वळणावर, गेटच्या जरा बाहेर, गटारावरची लादी टँकरच्या चाकाखाली फुटली. माणूस आत जाईल एवढं भोक पडलं. सेक्रेटरी म्हणाला, गेटच्या बाहेरचं आपलं नाही. महापालिकेत गेलो तर तिथले म्हणाले, गटार सोसायटीचं. कोरड्या दिवसांत भोक दिसतं, माणूस बाजूने जातो. पण आमच्याकडे पावसात गुडघाभर पाणी साचतं, आणि मग रस्ता, गटार, भोक सगळं एकच. आमची म्हातारी रोज सकाळी त्याच वळणावरून दुधाला जाते. तिला दिसतं कमी आणि ऐकते तर कुणाचंच नाही.

मी मीटिंगमध्ये ओरडलो. सेक्रेटरीने मला खाली बसायला सांगितलं. माझ्याच खाचरात मला बसायला सांगतो.

आषाढात एक भाजीवाला सायकलसकट आत गेला. पाय सोलवटला, टोपली तरंगत गेली, माणूस वाचला. त्या दिवसापासून बाईच्या मशीनीला दुसरं काम उरलं नाही. भोकाजवळ लावायला तिला पाण्यात टिकेल अशी पाटी हवी होती.

पहिली पाटी जाड पुठ्ठ्याची, वर प्लास्टिक चढवलेलं. ती फुगून पुरीसारखी झाली. दुसरी फ्लेक्सची. ती कुणीतरी आपल्या मोटारसायकलच्या सीटवर घालायला नेली, आणि सीटवर बरेच दिवस 'सावधान' लिहिलेलं फिरत होतं. तिसरी थंड पेयाच्या डब्यांचा पत्रा उलगडून केलेली. ती भंगारात गेली. दर वेळी बाई मला खाली बोलावून लांब उभं करायची आणि वाचा म्हणायची. तुम्ही वाचलंत तर सगळे वाचतील, असं तोंडावर सांगायची. एका पाटीवर एवढं लांबलचक लिहिलं होतं, की मी म्हटलं, हे वाचून होईपर्यंत मी आत पोचलेला असेन. तेव्हा ती हसली आणि पुढच्या पाटीवर एकच शब्द ठेवला, खड्डा.

शेवटी जमलं ते असं. मासळीवालीकडून तिने थर्माकोलच्या पेटीचं झाकण आणलं, आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवर लावतात ती रेडियमची पट्टी मशीनमध्ये घालून अक्षरं कापली. झाकण दोरीने खांबाला बांधलं. पाणी चढलं की पाटीही चढणार. रिक्षाचा दिवा पडला की अक्षरं पेटल्यासारखी दिसायची.

सगळ्यांनी वाहवा केली. सेक्रेटरीने तर पाटीचा फोटो ग्रुपवर टाकला. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी वर गेलो आणि म्हटलं, "बाई, तुमच्या पाटीनं त्या लोकांचं फावतं. झाकन कशाला बसवतील ते? दोन मानसं आत पडू देत, आपोआप बसवतील."

"आणि त्या दोघांत काकू असल्या तर?"

ती मशीनीतले रेडियमचे तुकडे वेचत होती.

"झाकण माझ्या मशीनमध्ये कापता येत नाही, काका. जे कापता येतं ते कापते."

मला ते तेव्हाही पटलं नाही. आजही पटत नाही.

श्रावणात एका सकाळी पाणी भरलं. पाटीच्या दोरीला जलपर्णी आणि पिशव्या अडकल्या आणि पाटी उलटी झाली. आमची म्हातारी दुधाची पिशवी शोधत होती. मी गॅलरीतून बघतो तो बाई काठी घेऊन पाण्यात उतरलेली. मी वरून ओरडलो, जाऊ नका. तिने मागे न बघता हात वर केला, म्हणजे मला माहीत आहे भोक कुठे आहे. आणि तिला खरंच माहीत होतं. ती हातभर अलीकडे थांबली होती. पण फुटलेल्या लादीचा काठ खालून पोखरला होता. तो तिच्या पायाखालून गेला.

छातीपर्यंत आत गेली. मी आणि एका रिक्षावाल्याने तिला ओढून काढलं. पाय खुब्यातून गेला होता. तोंड पांढरं पडलेलं, आणि मला म्हणते, आधी पाटी सरळ करा, मागून कोणी येईल. मी शिव्या देत पाटी सरळ केली.

त्याच आठवड्यात झाकण आलं. लोखंडी जाळीचं, सिमेंटमध्ये बसवलेलं, चांगलं भक्कम. सेक्रेटरीने नारळ फोडला. मी सगळ्यांसमोर विचारलं, बाई पडेपर्यंत रस्ता कोनाचा होता? तो फोनमध्ये बघायला लागला.

हॉस्पिटलातून मुलगा तिला परस्पर नाशिकला घेऊन गेला. आता वॉकरशिवाय चालत नाही, म्हणतात. वर दुसरे भाडेकरू आलेत. भले आहेत, पण कशाला हात लावत नाहीत, काही मागत नाहीत.

रिक्षात आडवी ठेवताना तिने माझा हात धरला होता. "तुमचंच बरोबर होतं, काका. झाकणच पाहिजे होतं." जन्मभर मी भांडलो, भावांशी, बिल्डरशी, सेक्रेटरीशी. माझं बरोबर आहे असं कुणी कधी म्हणालं नाही. आणि म्हणालं कोण, तर ती, मोडलेला पाय घेऊन. असलं बरोबर घेऊन मी काय करू?

त्या झाकणावर मी पाय देत नाही. चिखल असला तरी वळसा घालून जातो. पोरं हसतात, सांगतात, आजोबा, या वरून, पक्कं आहे.

पक्कं आहे ते मला दिसतंय.