आमचे साडू आणि बोंबल्या रंग

आमचे साडू पंगतीत येऊन बसले की पानातल्या पदार्थांना घाम फुटतो. आपण बासुंदी पितो, साडू तिची चौकशी करतात. साताऱ्यातल्या एका प्रयोगशाळेत ते मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र सांभाळतात. हे यंत्र रेणूंचं वजन करतं आणि वजनावरून कोण कुठला ते ओळखतं. अडचण एकच: साधा रेणू यंत्राला दिसतच नाही. आधी त्याच्यावर विजेचा भार चढवावा लागतो, म्हणजे त्याचा आयन करावा लागतो. हा भार कसा चढवायचा, या एका विषयावर साडूंनी आमच्या दोन्ही घरांतली बारशी, मुंजी, साखरपुडे आणि एक तेरावा खर्ची घातला आहे.

मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी करवलीच्या हातातली गुलाबदाणी काढून घेतली आणि थेट व्याह्यांवर रोखली. "हे असं! सुईच्या टोकातून बारीक थेंब उडवायचे. सुईला हजारो व्होल्टांचा दाब. थेंब वाळत जातो, भार उरतो, आणि शेवटी रेणू तो भार घेऊन अखंड बाहेर पडतो. त्याला धक्कासुद्धा लागत नाही!" धक्का व्याह्यांना बसला. ते चष्मा पुसेपर्यंत साडू जुन्या पद्धतीवर पोचले होते. त्या पद्धतीत रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे तुकडे करायचे आणि तुकड्यांवरून मूळचा कोण ते ओळखायचं. हे पटावं म्हणून त्यांनी शेजारच्या पानातला पापड बुक्कीनं फोडला. पान सासऱ्यांचं होतं. लेझरची पद्धत मात्र मला त्यांनी गुळाच्या सौद्यात शिकवली. ढेपेवर मुंगळा बसला होता. "मुंगळा म्हणजे रेणू, त्याला हात लावायचा नाही. लेझरची टिचकी गुळाला मारायची. गूळ उडतो, त्याच्याबरोबर मुंगळाही उडतो, पण जिवंत!" त्यांनी टिचकी मारली. मुंगळा जिवंत राहिला आणि माझ्या सदऱ्यात शिरला.

अशा माणसाला मी बरीच वर्षं हसलो. गेल्या हंगामात माझं हसू बंद झालं.

मी सांगलीत हळदीचा व्यापार करतो. पेढी वडिलांनी उभी केली. परदेशात माल धाडणाऱ्या एका व्यापाऱ्याकडं मी हळदीचा नमुना पाठवला होता. त्यांच्या तपासणीत त्यात लाल रंग सापडला, खाण्यात मनाई असलेला. 'भेसळ' हा शब्द एकदा बाजारात फिरला असता तर वडिलांच्या नावाची पाटी मलाच उतरवावी लागली असती. मी भडंगाचा पुडा घेऊन साताऱ्याला पळालो.

साडूंनी पुडा बाहेरच ठेवायला लावला. "नात्याचं एक अक्षर अहवालात येणार नाही," ते म्हणाले. "भेसळ असेल तर भेसळच लिहीन." मग ते स्वतः सांगलीला आले, गोदामातल्या प्रत्येक पोत्यातून हळद काढून घेतली आणि नमुन्याबरोबरच भरलेलं, माझ्याकडं राहिलेलं जोडीचं पाकीटही नेलं.

दोन दिवसांनी मी पुन्हा त्यांच्यापुढं उभा होतो. पाकिटातल्या हळदीत रंग होता. पोत्यांमध्ये नावालाही नव्हता. साडू पडद्यावरच्या आलेखातल्या उंच सुळक्याकडं टक लावून बसले होते. मूळचे ते सातारा जिल्ह्यातल्या औंधकडचे, आणि डोकं चालायला लागलं की गावची भाषा वर येते.

"ह्यो रंग लय बोंबल्या हाय गड्या. जन्मताच भार घिऊन आलाय, त्याचा आयन करावाच लागत न्हाई. कणभर असला तरी गाव गोळा करतो. सुळका उंच म्हंजे माल जास्त, असं न्हवं. पाकीट भरलं कुणी?"

"मीच."

"आणि बंद करताना?"

मी सांगितलं. आमच्याकडं हंगामाचा पहिला नमुना आईच्या हातून जातो. ती यमाईदेवीचं नाव घेते, दोन्ही पाकिटांत चिमूटभर कुंकू टाकते आणि मग तोंडं बांधते.

साडूंनी कपाळावर हात मारला. "आवं साडू! बाजारातल्या कुंकवात त्योच रंग असतोय!" आणि भर प्रयोगशाळेत, पांढऱ्या कोटासकट, त्यांनी मला मिठी मारली.

तरी आमच्या घरातलं कुंकू तपासल्याशिवाय त्यांनी अहवालावर सही केली नाही; त्यात तोच रंग निघाला. व्यापाऱ्यानं पोत्यांतून नवा नमुना घेतला, तो स्वच्छ निघाला, माल गेला.

त्यानंतर साडू घरी जेवायला आले. वाढता वाढता आईनं विचारलंच, "आवं पाव्हणं, घोळ काय झालता? ह्यो काय नीट सांगत न्हाई. माझ्या हातानं काय चुकलं न्हाई न्हवं?"

मी मान खाली घातली. या माणसाला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं. व्याही असोत, सासरे असोत, जे यंत्रानं दाखवलं ते साडू तोंडावर सांगतात.

"न्हाई मावशी," साडू म्हणाले. "यंत्राचं चुकलं."

"मग दुरुस्त करून घ्या की."

"व्हय, घेतो. आणि मावशी, इथनं पुढं कुंकू पोत्याला लावा, भायेरनं. पाकीट लहान पडतंय."

आईला ते एकदम पटलं. तिनं त्यांना आग्रहानं आणखी एक पोळी वाढली. एरवी आमटीतल्या हिंगाची जात विचारणारा तो माणूस काही न विचारता जेवला.

निरोप द्यायला मी दारापर्यंत गेलो. त्यांचे आभार मानायचे होते. साडूंनी माझ्याकडं पाहिलंच नाही. "चप्पल कुठं गेली रं माझी," एवढंच ते पुटपुटले. मी खाली वाकलो, ती शोधून त्यांच्या पायांपुढं ठेवली, आणि थोडा वेळ तसाच वाकून राहिलो.