शीड न आखडणारे साहेब

आमच्या पिंपरीच्या कारखान्यातले स्टोअरकीपर साहेब रविवारी दापोडीला नदीत शिडाची होडी चालवत. वारा वाढला की शहाणा माणूस शीड गुंडाळून लहान करतो. "शीड आखडतो तो भित्रा, राव," असं साहेब टाय सारखा करत सांगत आणि टायसकट पाण्यात पडत.

एकदा त्यांची बायको होडीत बसली. तिला पोहता येत नव्हतं. पानही हलत नसताना साहेबांनी निम्मं शीड गुंडाळून बांधलं.

मी काठावरून विचारलं, "आज भ्यालात?"

"खालून फाटलंय ते."

पुढे जोराचा वारा आला. होडी जरा कलली आणि सावरली.

उतरताना वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, मग हे दर रविवारी भिजून कसे येतात?"

साहेब माझ्याकडे बघत राहिले.

"तेव्हा शीड फाटलेलं नव्हतं, वहिनी."