फळ्यावरची चूक दुरुस्ती

मुकुंदवाडीत कडुबाच्या चहाच्या टपरीशेजारी एक काळा फळा होता. चौकटीवर ‘सौजन्य : आप्पासाहेब’ असं रंगवलेलं, पण लिहायचा मोतीराम. एकोणीस वर्षं त्यानं पेपरच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडून झाल्यावर तो शहरात आला, तेव्हा वाचायला येणाऱ्या हाताला हे काम मिळालं. पुढं संगणक आले, खिळे भंगारात गेले आणि मोतीरामजवळ उरली ती जुन्या पेपरांची पेटी.

त्या पेटीतून तो रोज एक मथळा काढायचा. वर पांढऱ्या खडूनं साल आणि जुनी बातमी बारीक लिहायची. खाली पिवळ्या खडूनं ठसठशीत लिहायचं, ती बातमी खरी झाली असती तर आज काय छापलं असतं. ‘मुकुंदवाडीला लवकरच सगळ्या गाड्या थांबणार’ या मथळ्याखाली त्यानं लिहिलं होतं, ‘थांबलेल्या गाड्यांनी स्टेशन तुंबलं, प्रवाशांनी लासूरला उतरून चालत यावं.’ ‘चितेगावच्या कारखान्यांत गावच्या प्रत्येक पोराला नोकरी’ या मथळ्याखाली : ‘कामाला माणूस उरला नाही, मालक स्वतः मशिनवर.’ लोक चहा पीत हसायचे. वॉर्डातला पुढारी आप्पासाहेब फोटो काढून सगळ्यांना पाठवायचा.

मोतीराम मात्र हसत नसे. पेपर उघडला की त्याचं डोकं तापायचं. बायपासच्या नव्या इमारतींच्या जाहिरातीत पोहायचे तलाव आणि त्याच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ. त्यात ते साल सोळाचं, मराठवाड्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी त्यानं सत्त्याऐंशीचा मथळा घेतला : ‘वर्षभरात घरोघरी रोज पाणी.’ खाली पिवळ्यात लिहिलं, ‘रोजच्या पाण्याला नागरिक वैतागले. मुकुंदवाडीत उद्या पहाटे पाचला पुन्हा पाणी.’

दुसऱ्या दिवशी आठ वाजता सरूबाई दारात उभी राहिली. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. हातात नळाचा पाईप होता.

“मोतीरामदादा, पाणी कुठंय?”

“कसलं पाणी? आपली पाळी रविवारी.”

“तुमीच लिवलंय की. पहाटं पाचला. म्या रातीच डरमातलं सांडून डरम घासून ठिवला. शिळ्या पाण्यात आळ्या झाल्त्या. पाचपासून नळापशी बसले.”

“अगं, ते गमतीनं लिहिलं होतं. वर लिहिलंय ना, सत्त्याऐंशीची बातमी म्हणून.”

“वरचं बारीक कोन वाचतंय? साक्षरतेच्या वर्गात शिकले म्या, मोठं अक्षर तेवढं लागतंय मला.” तिनं पाईप खाली ठेवला. “पेपरवाले बी असंच करतेत. खोटं मोठ्यानं, खरं बारीक. तुमी बी तसलेच निघाले.”

मोतीरामला आधी तिचाच राग आला. इतकी वर्षं सगळ्यांना कळतं, हिलाच कसं कळलं नाही? तो बोलणार तेवढ्यात भामाबाई, त्याची बायको, आतून हंडा घेऊन आली.

“ये सरू, आपल्यातलं ने. आमचे साहेब रविवारपत्तुर बिनआंघोळीचे ऱ्हातील. पेपरात छापून देऊ.”

दोघींनी सहा हंडे नेले. मोतीराम ओट्यावर बसून राहिला. सरूबाईचं बोलणं डोक्यातून जाईना, कारण ते खरं होतं. छापखान्यात रोजचा अंक निघाला की खिळे मोकळे करून खणाखणात परत टाकायचे. ‘वर्षभरात घरोघरी रोज पाणी’ ही ओळ मात्र त्यानं कधी मोडलीच नाही. दर दोन-तीन उन्हाळ्यांनी लागायची, म्हणून दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवलेली. मेहनत वाचायची. नवरदेवाचं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर चूक दुरुस्ती यायची. या ओळीची कधीच आली नाही. ती मागावी, असं तेव्हा त्याच्याही मनात आलं नव्हतं.

तो उठला, फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि एकाच पांढऱ्या खडूनं, एकाच मापाच्या अक्षरात लिहिलं :

‘चूक दुरुस्ती. काल या फळ्यावर पहाटे पाचला पाणी असं लिहिलं. ते खोटं होतं. त्यामुळं सरूबाईचं अर्धा ड्रम पाणी वाया गेलं. चूक माझी. तसंच, वर्षभरात रोज पाणी असं १९८१, ८३, ८५, ८७, ९० आणि ९२ साली मी या हातानं जुळवलं. तेही खोटं होतं. त्याची दुरुस्ती छापायची राहिली होती. मोतीराम, खिळे जुळवणारा.’

टपरीवर कुणी हसलं नाही. कडुबा चहा गाळायचा थांबला. तासाभरात आप्पासाहेब स्कूटरवर आला.

“दादा, हे काय? पुसा बरं. गंमत लिहा, लोकांना गंमत आवडते.”

“गमतीनं एका बाईचं पाणी सांडलं.”

“तिला मी टँकर पाठवतो. पण ही सालं कशाला? वर माझं नाव आहे. पुढच्या निवडणुकीला तिकीट मागायचंय, पक्षातली वरची माणसं मलाच विचारतील.”

“मग नाव पुसा. सालं राहू द्या.”

“फळा माझा आहे, दादा.”

“फळा न्या. सालं तुमची नाहीत.”

दुपारी दोन माणसं आली आणि फळा काढून घेऊन गेली. टँकर काही आला नाही. मोतीरामनं घरातला उरलेला चुना कालवला आणि रस्त्याकडच्या आपल्याच निळ्या भिंतीवर तोच मजकूर पहिल्यापासून लिहायला घेतला. भामाबाई दारात उभी होती.

“दिवाळीला मीच रंग दिल्ता त्या भिंतीला,” ती म्हणाली. “आता लिवताय तर ओळ सरळ लिवा.”

संध्याकाळी कामावरून येताना सरूबाई भिंतीपाशी थांबली. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत तिनं सगळं वाचलं. बराच वेळ लागला. मोतीराम हातात चुन्याचा डबा घेऊन वाट बघत राहिला.

“अर्धा नाय, दादा,” ती म्हणाली. “पाऊण डरम व्हतं.”

मोतीरामनं ‘अर्धा’वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘पाऊण’.